नवी टाकी, जुनी नळी

टाकी खोक्यातून बाहेर निघाली तेव्हा मांडवात जेवणाची पंगत बसली होती, आणि अर्ध्या पंगतीचं लक्ष ताटावरून उडालं. पंजाबातल्या कुण्या कारागिरानं जुन्या मिलिटरी जीपच्या मापानं नवीकोरी घडवलेली ती पत्र्याची टाकी. महिनाभर वाट पाहायला लावून ती आज, ऐन लग्नाच्या सकाळी, मालट्रकमधून कनेरगाव नाक्यावर उतरली. तिथून धर्मसिंगच्या गॅरेजातल्या तातेरावच्या मोटारसायकलवर मागच्या माणसाच्या मांडीवर बसून तांड्यात आली. नवरदेवाच्या मामालाही एवढ्या मानानं कुणी आणलं नव्हतं.

धर्मसिंगनं ती दोन्ही हातांनी उचलून उन्हात धरली. नाक्यावरचं त्याचं गॅरेज गेले चार दिवस बंद होतं. मागची दोन वर्षं त्यानं फुरसतीचा प्रत्येक तास या जीपमध्ये घातला होता. इंजिन उघडून बसवलं, ब्रेक नवे केले, पत्रा ठोकून हिरवा रंग दिला. राहिली होती फक्त टाकी. या जातीच्या जीपची टाकी मागं नसते. ती ड्रायव्हरच्या सीटखाली, फरशीत केलेल्या खोलगट जागेत बसते. पेट्रोल भरायचं तर आधी ड्रायव्हरनं उठायचं आणि सीट उचलायची.

"बसन का पण काका?" सुनिता मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली होती. अंगावर हळद, हातात कोपरापर्यंत चुडा, आणि नवरीनं बसून राहायचं असतं हे तिच्या गावीही नव्हतं.

"बसन न्हाई तर काय. तू जेवून घे. बोनेटवर उभं राह्यचंय तुला, चक्कर आली तर मी जबाबदार न्हाई."

तांड्यातली लेक सासरी निघते तेव्हा सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते, हात वर करते आणि हवेली, म्हणजे निरोपाचं गाणं, गाते. आईबापाचा निरोप घेते, मागं राहिलेल्या तांड्याचं भलं मागते. धर्मसिंगचा बाप अमरसिंग हा तांड्याचा नायक. त्याच्या घरात शेवटचा बैल मेल्यावर त्यानं ठरवलं की आता ही जीपच आपला बैल, आणि लेकी जीपवरून जातील. नायकाच्या शब्दापुढं कोण बोलणार? त्याप्रमाणं पहिली लेक गेली ती धर्मसिंगची बहीण मोतीबाई, पंच्याऐंशीच्या वैशाखात. आणि ती पहिलीच शेवटची ठरली. तांड्याबाहेरच्या चिंचेच्या वळणावर जीप खोकली, आचके दिले आणि बंद पडली. मोतीबाईची हवेली अर्ध्यावर तुटली. पाचशे माणसांसमोर तिला बोनेटवरून उतरवून सासरच्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं. गाडी हाकत होता वीस वर्षांचा धर्मसिंग. थोरल्या भावानं, भीमसिंगनं त्याला सगळ्यांसमोर खाली ओढलं, "पेट्रोल इकून रॉकेल भरलंस ना?" म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता थोबाडीत दिली.

त्या रात्रीच धर्मसिंग हैदराबादला निघून गेला. सहा वर्षांनी मेकॅनिक होऊन परत आला, पण तांड्यात राहायला नाही, नाक्यावर. भावाभावांत बोलणं होतं ते कामापुरतं. आणि आता त्याच भीमसिंगच्या लेकीनं हट्ट धरला होता की जाईन तर काकाच्या जीपवरून.

धर्मसिंगनं टाकी जागेत उतरवली. ती सरळ आत गेली. चारी बाजूंनी करंगळी जाईल एवढीच फट राहिली. मग त्यानं खोक्याचा तळ चाचपला. त्यात एक चिठ्ठी होती. पेट्रोल ओढायची नळी सोबत दिलेली नाही, जुन्या टाकीतली काढून वापरावी, असं त्या भल्या माणसानं हिंदीत लिहिलं होतं.

जुनी टाकी कुठं होती ते एकोणीस वर्षांत कुणालाच माहीत नव्हतं.

*

भीमसिंग व्याह्यांना पान देत होता आणि तिरक्या नजरेनं जीपकडं बघत होता. त्याला ती जीप नको होती. त्याच्या मनानं पक्कं घेतलं होतं की आज पुन्हा हसं होणार. त्यानं हिंगोलीहून पांढरी सुमो सांगून ठेवली होती, फुलांच्या माळा लावून ती मांडवाबाहेर उभीही होती. सुमोला टाकी कुठं असते हे कुणाला माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरजही नव्हती. भीमसिंगच्या मते चांगल्या गाडीचं तेच लक्षण होतं.

व्याही ओमप्रकाश हसून म्हणाले, "नायकाच्या घरची जीप आज चालते म्हणं. आमच्या गावातले जुने लोक मुद्दाम बघाया आले."

"चालली तर चालली," भीमसिंग म्हणाला. पण जुने लोक बघाया आले हे त्याला झोंबलं. पंच्याऐंशीत हसले होते ते हेच.

तो उठला आणि जीपजवळ गेला.

"काय झालं?"

"नळी न्हाई," धर्मसिंग जीपच्या आतूनच बोलला.

"म्हणजे?"

"टाकी हाये, पेट्रोल हाये. टाकीतून पेट्रोल वर ओढायची नळी न्हाई."

"मंग डब्बा बांध ना वर. तुमी गॅरेजवाले बाटली टांगून चालवताच की."

"बांधतो. पण तो बोनेटवर बांधावा लागतो भिया. तिथं तुझी पोरगी उभी राह्यची हाये. साडीचा घोळ, वर पेट्रोलचा डब्बा, भोवती इडीकाडी वढणारे पाव्हणे. बांधू?"

हे बोलणं बरोबर होतं आणि त्याचाच भीमसिंगला जास्त राग आला.

"हे बघ धरम्या. चार वाजेस्तोर चालू झाली तर झाली. न्हाई झाली तर सुनी सुमोत बसून जाईल. माझ्या पोरीला मी ट्रॉलीत बसवणार न्हाई."

"ट्रॉलीत बसली ती माझीबी बहीण होती," धर्मसिंग म्हणाला. कामाबाहेरचं एवढंही तो भावाशी वर्षानुवर्षांत बोलला नव्हता.

भीमसिंगला काहीतरी म्हणायचं होतं. पण मागून आचारी ओरडला की भातात पाणी कमी पडलं, आणि तो तिकडं गेला. लग्नघरात भांडायलाही सवड मिळत नाही.

*

मोतीबाई सदतीस वर्षांची होती, तीन लेकरांची आई होती, आणि सासरी तिला आजही कुणी कुणी 'ट्रॉलीवाली' म्हणत. तिनं ते अंगाला लावून घेतलं नव्हतं असं ती म्हणायची. खरं म्हणजे लागलं होतं. कुणाच्याही लग्नात ती हवेली शिकवायची, चाल सांगायची, पण स्वतः तोंड उघडायची नाही.

भावांचं बोलणं तिनं ऐकलं आणि ती सरळ बापाच्या खोपटाकडं निघाली. अमरसिंग नायक ऐंशी वर्षांचा. लग्न लावून झाल्यावर तो मांडवातून उठून आपल्या बाजेवर येऊन बसला होता. डोक्याला लाल पागोटं, पायाशी काठी. बाजेखाली घोंगडीनं झाकलेलं एक चौकोनी धूड होतं. त्यावर त्याचा पानाचा डबा, चष्मा आणि ट्रान्झिस्टर ठेवलेला असे. दर दिवाळीला माहेरी आली की मोतीबाई बाज ओढून त्याच धुडावर बसून बापाशी बोलायची. ते काय आहे हे तिनं कधी विचारलं नव्हतं. पण बसल्यावर ते पोकळ वाजतं एवढं तिला माहीत होतं.

"बा, जुनी टाकी कुठं हाये?"

"कोणती?"

"जीपची."

"फेकली."

"कुठं फेकली?"

"आता काय आठवतं बाई. इतकी सालं झाली."

मोतीबाईनं वाकून पानाचा डबा उचलला, ट्रान्झिस्टर उचलला, चष्मा बापाच्या हातात दिला आणि घोंगडी ओढली. गंजानं लाल झालेली टाकी तिच्यासमोर होती.

"हे काय मंग?"

म्हातारा तिच्याकडं बघेना. मग तो म्हणाला, "नको नेऊस. तिला उघडू नका."

"काहून?"

"नको म्हणलं ना."

मोतीबाई बापाला उलटून कधी बोलली नव्हती. तिला त्याची कीव आली आणि चीडही आली, दोन्ही एकदमच. "बा, माझी हवेली वळणावर तुटली. सुनीची तुटू देणार न्हाई मी. रागवायचं तर रागवा."

तिनं टाकी कडेवर घेतली, पाण्याची घागर घ्यावी तशी, आणि बाहेर पडली. मागं काठीचा टकटक आवाज येऊ लागला. नायक स्वतः मागून येत होता.

*

धर्मसिंगनं टाकी हलवली आणि आत गंजाचे पापुद्रे खुळखुळले.

वरची चकती सोडवली, नळी ओढली. अर्धी आली आणि अडकली. नळीच्या खालच्या टोकाला बारीक जाळी असते, तिलाच काहीतरी चिकटलं होतं. या टाकीचं तोंड मोठं, तांब्या सहज आत जाईल एवढं. त्यानं हात घातला, चाचपलं, कडक ढेकळासारखं काहीतरी लागलं. पिळवटून त्यानं ते जाळीवरून सोडवलं आणि बाहेर काढलं.

काळाकुट्ट, दगडासारखा गोळा होता. मूठभर. त्याच्याभोवती दोरा गुंडाळलेला, आणि दोऱ्यात एक कवडी आणि एक निळा मणी.

भीमसिंगही येऊन उभा राहिला होता. चार वाजायला पाऊण तास होता.

"हे काय हाये?" त्यानं विचारलं.

धर्मसिंगनं कवडीवरचा काळपटपणा अंगठ्यानं पुसला. लहानपणी पोळ्याच्या दिवशी त्यानं ही कवडी हातात घेतली होती. "हरण्याच्या गळ्यातली हाये," तो हळू म्हणाला. "आपल्या बैलाच्या."

"बैलाच्या गळ्यातली टाकीत कशी जाईल?"

"मी घातली," मागून आवाज आला.

अमरसिंग नायक काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. त्याचं बोलणं तुटक होतं, पण एकदा सुरू झालं तसं थांबलं नाही.

"चौऱ्याऐंशीच्या श्रावणात हरण्या गेला. पोळा आला. तुमच्या मायनं सवयीनं पोळ्या केल्या, त्याच्या वाट्याचीबी केली. दारात बैल न्हाई. ती पोळी हातात घेऊन मी कुठं जाऊ? माझ्या बापानं, आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य वाहून पोट भरलं. पोळ्याला घास न चारता आमी कधी जेवलो न्हाई. मंग जीपपाशी गेलो. सीट उचलली. म्हणलं, आता तूच माझा बैल. त्याच्या गळ्यातला दोरा पोळीला गुंडाळला आन् चारली."

कुणी हसलं नाही. मोतीबाईनं पदर तोंडाला लावला.

धर्मसिंगच्या डोक्यात मात्र सगळं भराभरा जुळत होतं. म्हणूनच ती गाडी त्या हिवाळ्यात मधूनच खोकायची, थांबली की पुन्हा चालायची. गोळा टाकीत फिरत असणार. जाळीला चिकटला की पेट्रोल बंद, सुटला की चालू. आणि वळणावर तो जो चिकटला तो कायमचा.

"बा," त्यानं विचारलं, "त्या दिवशी तुमाला कळलं होतं?"

"वळणावरच कळलं."

"मंग?"

"नायक होतो मी. पाचशे माणूस उभं. नायकानं जीपला पोळी चारली असं सांगू कसा? जन्मभर हसले असते मला." म्हातारा धर्मसिंगकडं वळला. "तुझ्या थोबाडीत बसली ती मी पाहिली. आन् गप राहिलो. नंतर टाकी काढून घेतली, कुणाला सापडू नये म्हणून. एकोणीस साल तिच्यावर झोपलो. झोप न्हाई आली."

धर्मसिंगला संताप यायला हवा होता. आलाही, क्षणभर. पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी उसळून आलं आणि ते फार मोठं होतं. कारण एक गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. इतकी वर्षं ऐकून ऐकून त्याला स्वतःलाच शंका यायची, की त्या दिवशी घाईत आपणच चुकून रॉकेलचा डबा उचलला नसेल ना? हैदराबादेत कितीदा तरी त्यानं तो दिवस पुन्हा पुन्हा उलगडून पाहिला होता.

"म्हणजे रॉकेल न्हवतं," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "रॉकेल न्हवतं भिया! पुरणपोळी होती!"

आणि तो हसू लागला. गुडघ्यावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मोतीबाईही हसू लागली. नायक बावरून दोघांकडं बघत राहिला.

भीमसिंग हसला नाही. तो गोऱ्यामोऱ्या चेहऱ्यानं त्या गोळ्याकडं बघत होता. मग त्यानं डोक्याचा फेटा सोडला, मांडवाच्या खांबाला अडकवला, नव्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि जीपमध्ये भावाशेजारी वाकला.

"काय धरू सांग," तो म्हणाला.

धर्मसिंगनं त्याच्याकडं पाहिलं. "टाकी उचलून धर. खाली चामडं घालायचंय, न्हाईतर पत्र्याला पत्रा घासून भोक पडल."

"चामडं माझ्यापाशी हाये," नायक घाईनं म्हणाला. तो गेला आणि हरण्याच्या पाठीवरचं ओझं आवळायचा जुना पट्टा घेऊन आला. धर्मसिंगनं त्याच्या चार पट्ट्या कापल्या आणि टाकीखाली अंथरल्या. भीमसिंगनं टाकी हळूहळू सोडली. ती चामड्यावर बसली आणि हलवूनही हलेना. जुनी नळी घासून, फुंकून लख्ख केली, तिची जाळी पेट्रोलनं धुतली. नळी नव्या टाकीत गेली तेव्हा चार वाजून गेले होते, आणि ते भीमसिंगनं कुणाला सांगितलं नाही.

तातेरावनं आणलेलं पेट्रोल ओतलं. धर्मसिंगनं पंपाचा दांडा हातानं पंधरावीसदा हलवला. मग सीट लावून बसला आणि पायाखालची कळ दाबली. एकदा नुसती घरघर झाली. दुसऱ्यांदाही तेच. मांडवातलं बोलणं थांबलं. तिसऱ्यांदा जीप एकदम गरजली, मागून काळा धूर निघाला, आणि आचाऱ्यापासून व्याह्यांपर्यंत सगळे ओरडले.

*

ऊन कलल्यावर सुनिता निघाली. बोनेटवर कवड्यांनी भरलेली जाड गोधडी अंथरली होती, तिच्यावर ती अनवाणी उभी. दोन्ही बाजूंनी तिचे चुलतमामेभाऊ हात वर करून चालत होते, तोल गेला तर धरायला. जीपचं स्टेअरिंग डावीकडं, म्हणून धर्मसिंग डावीकडं आणि शेजारी उजवीकडं नायक. सुनितानं हात उंच केले आणि हवेली सुरू केली. आवाज आधी कापला, मग मोकळा झाला. बायका रडत रडत मागून येत होत्या. मोतीबाई त्यांच्यात होती, डोळे जमिनीवर ठेवून चालत होती, कारण समोर चिंचेचं वळण येत होतं.

वळणाच्या ऐन मध्यावर जीप थांबली.

सुनिताचा सूर विरला. मोतीबाईनं डोळे गच्च मिटून घेतले. पण तिला ऐकू येत होतं की इंजिन चालूच आहे. तिनं डोळे उघडले. जीपच्या पुढं भीमसिंग हात वर करून उभा होता. त्यानंच थांबवली होती.

"पाव्हणे मंडळी," तो मोठ्यानं म्हणाला, "एकोणीस सालामागं मी इथं माझ्या भावाच्या थोबाडीत मारली. त्याची चूक न्हवती. चूक माझी होती. तवा सगळ्यांसमोर मारलं, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो."

धर्मसिंगनं स्टेअरिंगवरची बोटं आवळली. त्याला भावाकडं बघवेना.

तेवढ्यात शेजारून नायक उठला. जीपच्या काचेला धरून उभा राहिला, पागोटं नीट केलं. "पोरांना उगं बोल लावू नका," तो म्हणाला. "गाडी मी बंद पाडली होती. पोळ्याला मी तिला पुरणपोळी चारली."

क्षणभर कुणाला कळेना. मग पाव्हण्यांतला एक म्हातारा खुदकन हसला, आणि सगळं वळण हसू लागलं. ज्या हसण्याला नायक एवढी वर्षं भ्याला होता ते हेच हसणं होतं, आणि त्यात त्याला काहीच लागलं नाही. तोही हसला.

"मोती," भीमसिंग बायकांच्या घोळक्याकडं वळला. "ये. तुझी वाट इथंच राह्यली होती."

"वेडा झालास का? आता या वयात?"

"आत्या, या ना," सुनितानं वरून हात पुढं केला. "मला गाण्याची पुढची वळ आठवंना."

ती खोटं बोलत होती, मोतीबाईनंच तिला हवेली शिकवली होती. भीमसिंगनं ओंजळ केली, मोतीबाईनं तिच्यात पाय ठेवला आणि ती भाचीशेजारी बोनेटवर उभी राहिली. तिनं हात वर केले. कुठपर्यंत आली होती हे तिला आठवावं लागलं नाही. जिथं तुटली होती त्याच ओळीपासून तिनं हवेली उचलली, आणि तिचा आवाज नाक्याच्या ढाब्यांपर्यंत गेला असं तातेराव आजही सांगतो.

धर्मसिंगनं गिअर टाकला. जीप वळण ओलांडून सरळ रस्त्याला लागली. भीमसिंग तिच्या बाजूनं बोडक्या डोक्यानं चालत होता आणि मागून माळा लावलेली पांढरी सुमो रिकामीच येत होती.